नियम आणि करुणा : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

सूत्राचा अर्थ त्याच्या प्रकरणावाचून लागत नाही, ही गोष्ट ह्या पृष्ठांच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. कोणते वचन कोणास उद्देशून, कोणत्या प्रसंगी निघाले हे ध्यानी घेतल्याखेरीज त्याचा विनियोग करू पाहणारा पुष्कळदा वचनाच्या हेतूच्या उलट जाऊन बसतो. शास्त्रकारांनी उत्सर्गाबरोबर अपवादाचीही व्यवस्था केली आहे ती ह्याच कारणाने. येथे आचारधर्माचा विचार कर्तव्य नाही. तो अधिकारी पुरुषांचा विषय होय. लौकिक व्यवहारातील नियम, मग ते मालकाने केलेले असोत, जातीने केलेले असोत वा सरकारने केलेले असोत, दुःखिताच्या कारणे किती आणि कोठे वाकवावेत, एवढाच प्रश्न प्रस्तुत आहे; आणि त्यासाठी मुंबईच्या गिरणगावात आयुष्य वेचलेल्या एका पुरुषाचे चरित्र पाहावयाचे आहे.

नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे, फुलमाळी समाजातील एका गरीब कुटुंबात झाला. कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. शिक्षण बेताचे झाले. आरंभी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी करून ते मांडवी मिलमध्ये भांडारपाल म्हणून लागले. भांडारपालाचे स्थान गिरणीत मोठे चमत्कारिक असते. तो मजूर नसतो, कारण त्याच्या हाती कोठाराच्या किल्ल्या व हिशेबाच्या वह्या असतात; आणि मालकही नसतो, कारण त्याच किल्ल्या सायंकाळी त्याला परत द्याव्या लागतात. ह्या मधल्या जागेवरून लोखंड्यांनी जे पाहिले ते त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज ठरले.

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ साली झाली व १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे काम सुरू झाले. पुढे परळ, लोअर परळ, लालबाग, चिंचपोकळी ह्या भागांत चिमण्यांचे जणू रान उठले. त्या काळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. म्हणून कामाचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत धरीत आणि उन्हाळ्यात तो तेरा-चौदा तासांचा होई. आठवड्याची ठराविक सुट्टी नव्हती. सणावारी वर्षातून काही दिवस गिरणी बंद राही खरी, परंतु एरवी एखादा दिवस यंत्रे थांबलीच तर ती पुसून स्वच्छ करण्यासाठी मजुरास अर्धा दिवस बोलावून घेत. पगार मागाहून मिळे, आणि यंत्रात सापडून हात तुटलेल्या माणसाचे पुढे काय व्हावे ह्याविषयी कोणताच नियम नव्हता. १८८१ चा फॅक्टरी कायदा झाला तो मुख्यतः मुलांपुरता. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये, सात ते बारा वयाच्या मुलास नऊ तासांपेक्षा अधिक राबवू नये, असे त्याने ठरविले. मोठ्या माणसाविषयी तो जवळजवळ मुका होता.

लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकर ह्यांनी १८७७ साली पुण्यात काढलेले 'दीनबंधु' पत्र बंद पडल्यावर १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत चालविण्यास घेतले. १८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी आयोगापुढे ठेवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, अशा त्यातील मागण्या होत्या. आज त्या वाचताना त्यांचा सौम्यपणाच डोळ्यांत भरतो. सूर्यास्ताची मर्यादासुद्धा मागून घ्यावी लागत होती!

ह्या कामासाठी उभी राहिलेली 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही संस्था हिंदुस्थानातील कामगारांची पहिली संघटना म्हणून गणली जाते. अभ्यासकांनी तिच्यावर एक आक्षेप वारंवार घेतला आहे की तिला घटना नव्हती, वर्गणी नव्हती, सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता. लोखंडे हे मजुरांचे स्वयंसेवी सल्लागार तेवढे होते. आक्षेप खोटा नाही. परंतु प्रस्तुत लेखकास ह्यात उणेपणापेक्षा निराळेच काही दिसते. ज्याला अक्षरओळख नाही, ज्याच्या हाती महिनाअखेर वर्गणीपुरताही पैसा उरत नाही, त्याला नोंदवहीत नाव घालण्याच्या अटीवर मदत द्यावयाची म्हटले तर मदत कोणास पोहोचली असती? संस्थेने आपलेच दार नियमावाचून उघडे ठेवले होते. त्याची किंमतही तिला द्यावी लागली. लोखंड्यांच्या मागे ती टिकली नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हे. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्यातून एक दिवस सुट्टी देण्याचे मान्य केले. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो मोकळा मिळावा, असे लोखंड्यांनी मांडल्याचे परंपरेने सांगितले जाते. आपल्या वाचकांस वारांचे हे माहात्म्य मान्य होण्याचे कारण नाही. पण थकलेल्या माणसास समजेल अशा भाषेत त्याचे हित मांडणे हा उपदेशकाचा जुनाच धर्म आहे, आणि त्या अंगाने ह्या कथेकडे पाहावे. पुढील वर्षीच्या, म्हणजे १८९१ च्या, कायद्यात साप्ताहिक सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांचे काम अकरा तासांवर व मुलांचे सात तासांवर आणले गेले.

त्याच १८९० सालातील दुसरा प्रसंग गिरणीबाहेरचा आहे, आणि नियमाचा खरा कस तेथे लागतो. उच्चवर्णीय विधवेचे केशवपन करावे हा रूढीचा नियम. ते करणे हा न्हाव्याचा धंदा. म्हणजे ज्याचा त्या नियमाशी धर्म म्हणून संबंध नाही, त्याच्याच वस्तऱ्याने तो पाळला जाई, आणि त्याचे पैसेही त्याला मिळत. लोखंड्यांच्या प्रेरणेने मुंबईतील शेकडो नाभिक एकत्र आले व हे काम आम्ही करणार नाही असे त्यांनी ठरविले. बिचाऱ्यांनी शास्त्रार्थाचा वाद घातला नाही. कोणती स्मृती काय म्हणते ते पंडितांनी पाहावे; आम्ही आमचा हात तेवढा आवरतो, इतकाच त्याचा अर्थ. आपली मिळकत बुडवून केलेली ही दया होती, आणि जिच्यासाठी ती केली ती स्त्री त्यांच्या जातीची नव्हती.

१८९३ च्या ऑगस्टात मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्या वेळी सलोख्यासाठी केलेल्या कामामुळे १८९५ मध्ये सरकारने त्यांस रावबहादूर केले. सरकारदरबारी मान मिळालेल्या ह्या गृहस्थाच्या आयुष्याची अखेर मात्र सरकारी नियमाच्या अत्यंत कठोर काळात व्हावयाची होती.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात ग्रंथिक सन्निपात, म्हणजे गाठीचा प्लेग, असल्याचे निष्पन्न झाले. ६ ऑक्टोबर रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांनी हुकूम काढून रोग्यास सक्तीने इस्पितळात हलविण्याचा अधिकार घेतला. रोग्यांची रवानगी आर्थर रोडच्या इस्पितळात होई. लोअर परळपासून हे ठिकाण फार दूर नाही. त्याचेच आजचे नाव कस्तुरबा रुग्णालय. तेथे गेलेला परत येत नाही अशी चाळीचाळींतून धास्ती पसरली. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले. दुसऱ्याच दिवशी स्नो ह्यांनी हुकूम सैल केला : ज्याच्या घरी निराळी जागा व औषधोपचाराची सोय होऊ शकते, त्यास हलवू नये.

येथे थोडे थांबावे लागते. हुकूम वाकला तो करुणेने की भीतीने, हा प्रश्न सोडून देऊ. पण वाकला तो कोणासाठी? एका खोलीत पाच-सात माणसे राहात असलेल्या गिरणीमजुराच्या घरी निराळी जागा कोठून असणार? ज्याच्यासाठी दंगा झाला त्याच्यापर्यंत ती सवलत पोहोचतच नव्हती. अपवाद लिहिताना तो ज्याला लागू व्हावा त्याचे घर पाहिलेले नसले म्हणजे असे होते. शिवाय हा रोग मुख्यतः उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमों ह्या फ्रेंच वैद्याने दाखविले ते १८९८ साली; तोवर सर्व सक्ती माणसांवरच चालली होती.

ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे आपल्या लोकांनी आपल्या लोकांसाठी चालविलेले इस्पितळ. तेथे नियमाचा हेतूही साधतो, कारण रोगी घराबाहेर निराळा राहतो. आणि त्याची धास्तीही कमी होते, कारण उशाशी ओळखीचे माणूस व ओळखीच्या हातचे पाणी असते. मुंबईत निरनिराळ्या समाजांनी अशी इस्पितळे उघडली. लोखंड्यांनी मराठा इस्पितळ उघडले व ते स्वतः रोग्यांच्या सेवेस लागले. शहरातून लक्षावधी लोक गावाकडे पळत होते. ज्यास पळता येत होते त्याने पळावे ह्यात कोणी दोष मानला नसता, रावबहादुरांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारास घरात शिरण्याचे, माणसे वेगळी काढण्याचे जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. त्यानंतर पाच दिवसांनी, ९ फेब्रुवारीस, लोखंडे प्लेगनेच वारले. वय अवघे एकोणपन्नास. पुढच्याच महिन्यात, १० मार्च रोजी, पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले ह्यांनीही त्याच रोगाने देह ठेवला.

लोअर परळच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी बाजार व कचेऱ्या उभ्या राहिल्या. भारतीय टपाल खात्याने २००५ साली लोखंड्यांच्या नावे तिकीट काढले. तरुणपणी त्यांनी ज्या खात्यात चाकरी केली होती, तेच हे खाते.