दादाभाईंनी मागितलेला हिशेब

सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या एखाद्या व्यक्तीच्या तोंडून कुठल्या तरी समाजाविषयी हीन शब्द बाहेर पडला, की त्यानंतरचा क्रम आता आपल्याला तोंडपाठ झाला आहे. प्रथम इन्कार, मग विपर्यास झाल्याची तक्रार, आणि तेवढ्याने भागले नाही तर कोणाची मने दुखावली असल्यास दिलगिरी. मात्र ज्या वृत्तीतून तो शब्द आला, तिची चौकशी कधी होत नाही. अशा शब्दाचा जाब कसा विचारावयाचा, हे पाहण्यासाठी दादाभाई नौरोजी यांच्या चरित्राकडे वळणे उपयुक्त ठरेल. कारण साम्राज्याच्या पंतप्रधानाने भर सभेत ज्यांचा वर्ण काढला, ते हे गृहस्थ होत.

दादाभाईंचा जन्म 4 सप्टेंबर 1825 रोजी एका गरीब पारशी पुरोहिताच्या घरी झाला. चौथ्या वर्षीच पितृछत्र हरपले. आई माणेकबाई निरक्षर. पण मुलाच्या शिक्षणाच्या बाबतीत तिने हयगय केली नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत ते विनाशुल्क शिकले आणि पुढे तेथेच गणिताचे प्राध्यापक झाले. त्या संस्थेत हे पद मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. मुलींच्या शाळा काढण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि 1851 साली रास्त गोफ्तार हे पत्रही त्यांनी सुरू केले. 1855 साली कामा मंडळींच्या पेढीच्या कामासाठी ते इंग्लंडला गेले.

तेथे 1866 साली पहिला प्रसंग आला. लंडनच्या मानववंशशास्त्रीय मंडळात जॉन क्रॉफर्ड या बड्या अधिकाऱ्याने आशियाई वंश हे बुद्धी, नीती आणि कर्तृत्व या तिन्ही बाबतींत युरोपीयांहून उपजतच कमी प्रतीचे आहेत, असे प्रतिपादन केले. विद्वत्तेची झूल पांघरलेला हा वंशद्वेषच होता. दादाभाईंनी त्याच मंडळापुढे लेखी उत्तर ठेवले. त्यात संताप नव्हता. पुराव्याची मागणी होती. भारतीय वाङ्मयाविषयी युरोपीय पंडितांनीच काय लिहिले आहे, हिंदी माणसाच्या सचोटीविषयी अनुभवी इंग्रज अधिकाऱ्यांनी काय नोंदविले आहे, हे त्यांनी एकामागून एक मांडले. मूठभर लोकांच्या वर्तनावरून अखंड समाजाची प्रत ठरवावयाची, तर याच मापाने इंग्लंडचे काय होईल, असा त्यांचा रोख होता. हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न दरडोई सुमारे 20 रुपये आहे, हे पुढे आकडेवारीने दाखविणाऱ्या दादाभाईंची हीच रीत होती. विधान करणाऱ्याने त्याचा हिशेब दिला पाहिजे.

दुसरा प्रसंग अधिक गाजला. 1886 साली दादाभाई लंडनच्या होबर्न मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटसाठी उभे राहिले आणि पडले. पुढे नोव्हेंबर 1888 मध्ये एडिंबरोच्या सभेत पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी त्या निवडणुकीचा उल्लेख करून, इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याइतके अद्याप पुढे गेले आहेत असे आपणास वाटत नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. एकच गहजब उडाला. लिबरल पत्रांनी पंतप्रधानांना धारेवर धरले आणि पक्षाच्या मंडळींनी दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. सॅलिसबरींनी मात्र माघार घेतली नाही. त्या विशेषणात तिरस्कार अभिप्रेत नव्हता, असा खुलासा करून ते मोकळे झाले. दिलगिरीवाचून खुलासा करण्याची कला आजच्या पुढाऱ्यांनी शोधून काढलेली नाही, एवढे यावरून दिसते.

तथापि या प्रकरणातील एक गोष्ट आपण बहुधा विसरतो. दादाभाईंचा कैवार घेणाऱ्यांपैकी अनेकांनी ते काळे नाहीतच, उलट खुद्द सॅलिसबरींपेक्षा उजळ आहेत, असे आवर्जून सांगितले. टोला चांगला बसला, लोक हसले. पण त्या युक्तिवादाने मूळ आक्षेप जागच्या जागीच राहिला. दादाभाई खरोखरच कोळशासारखे काळे असते, तर काय पंतप्रधान बरोबर ठरले असते? वर्ण ही योग्यतेची कसोटीच नव्हे, हे म्हणण्याऐवजी आपला माणूस त्या कसोटीला उतरतो, असे सांगण्यात आले. अपमानाला दिलेले उत्तरही अपमान करणाराचेच माप वापरू शकते, ते असे.

खरे उत्तर मतपेटीतून आले. 1892 साली सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी दादाभाईंना पाच मतांनी निवडून दिले. फेरमोजणीत हे आधिक्य तिनावर आले. त्याहूनही बोलकी घटना 1895 सालची. त्या वर्षी दादाभाई पडले. पण सॅलिसबरींच्याच काँझर्व्हेटिव्ह पक्षाने मंचरजी भावनगरी या मुंबईच्या पारशी गृहस्थांना उमेदवारी दिली आणि ते निवडून आले. पुढाऱ्याने शब्द मागे घेतला नव्हता. तो त्याच्या पक्षाला कृतीने खोडावा लागला.

वृत्ती मात्र शब्दाइतक्या लवकर हटत नाही. सनदी नोकरीची परीक्षा इंग्लंडप्रमाणे हिंदुस्थानातही घ्यावी, हा ठराव 1893 साली कॉमन्स सभेत संमत झाला. त्यामागे दादाभाईंचे परिश्रम होते. सरकारने तो अमलातच आणला नाही. वर्णावरून केलेली थट्टा आणि नाकारलेली नोकरी या एकाच झाडाच्या फांद्या आहेत, हे दादाभाई जाणून होते. म्हणूनच त्यांनी शब्दाशी भांडण्यात आयुष्य घालविले नाही. शब्दामागच्या व्यवस्थेचा ताळेबंद मांडला. 1906 साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्याची मागणी केली. 30 जून 1917 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

परक्याने आपल्याला काळे म्हटले की आपल्याला संताप येतो, आणि तो योग्यच आहे. पण हेच माप घरी लावावयाची आपली तयारी आहे काय? मुरबाडहून माळशेजकडे जाताना लागणारे वैशाखरे हे गाव घ्या. त्याच्या माथ्यावर नाणेघाट आहे. तेथील लेण्यात सातवाहन काळचा ब्राह्मी लेख आणि त्यातील प्राचीन अंक आजही दिसतात. क्रॉफर्डला दाखविण्याजोगा हा पुरावा. या घाटाखालच्या मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत कातकरी, ठाकूर, महादेव कोळी हे आदिवासी समाज राहतात. आपण नाणेघाटाचा अभिमान मिरवतो आणि त्याच्या पायथ्याच्या कातकऱ्याविषयी बोलताना क्रॉफर्डची भाषा वापरतो. तो आळशी, तो व्यसनी, पैसा त्याच्या हाती टिकत नाही, ही विधाने चावडीवर होतात, कचेरीत होतात आणि सभ्य दिवाणखान्यातही होतात. दिवाळीनंतर बायकामुलांसह वीटभट्टीवर जाऊन आगाऊ घेतलेली उचल महिनोन्महिने राबून फेडणाऱ्या माणसाला आळशी म्हणताना पुरावा कोणी मागत नाही.

1871 साली इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. स्वतंत्र भारताने 1952 साली तो रद्द केला. 1989 साली अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि लोकांदेखत जाणूनबुजून केलेला अपमान हा त्याखाली गुन्हा ठरला. पण कायदा उघड शिवीला पकडतो. अर्ज बाजूला सरकविणाऱ्या हाताला आणि मुलाला शेवटच्या बाकावर बसविणाऱ्या नजरेला पकडणे त्याला कठीण जाते. तेथे जाब विचारण्याचे काम समाजालाच करावे लागते.

दादाभाईंनी ते कसे करावयाचे हे दाखवून दिले आहे. अधिकाराच्या जागेवरून कोणी एखाद्या समाजाविषयी विधान केले, तर त्याला पुरावा मागावा. दिलगिरीवर समाधान न मानता त्याच्या हातातील अधिकार त्या समाजाशी कसा वागला, याचा हिशेब मागावा. आणि पुढच्या मतदानापर्यंत तो विसरू नये. फिन्सबरीच्या मतदारांनी जे पाच मतांनी का होईना केले, ते करावयास आपल्या मतदारांना काहीच अडचण नाही.