मोटारीच्या इंजिनावर चाललेले क्ष-किरण

मेरी क्युरी म्हटले की रेडियम आणि दोन नोबेल पारितोषिके आठवतात. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट बहुधा तिथेच संपते. पण पहिल्या महायुद्धाची चार वर्षे त्यांचे काम वेगळेच होते. मोटारगाड्यांमध्ये विजेची सोय बसवून घ्यायची, ती गाडी आघाडीजवळच्या रुग्णालयापर्यंत न्यायची आणि जखमी सैनिकांच्या शरीरात अडकलेल्या गोळ्या क्ष-किरणांनी शोधायच्या, हे ते काम. या चार वर्षांनी असंख्य सैनिकांचे हातपाय आणि प्राण वाचवले. त्याची किंमत मात्र बहुधा त्यांच्या स्वतःच्या शरीराने मोजली.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. पोलंडचा तो भाग तेव्हा रशियाच्या अमलाखाली होता. माहेरचे नाव मारिया स्क्लोडोव्स्का. दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. म्हणून थोरल्या बहिणीने आधी पॅरिसला जाऊन वैद्यकीय शिक्षण घ्यायचे, तोवर धाकटीने शिकवण्या करून पैसे पाठवायचे आणि नंतर थोरलीने धाकटीला हात द्यायचा, असे दोघी बहिणींनी ठरवले. त्याप्रमाणे १८९१ मध्ये मारिया पॅरिसला पोहोचली. १८९५ मध्ये पिएर क्युरी यांच्याशी विवाह झाला. १८९८ मध्ये या दांपत्याने पोलोनियम आणि रेडियम ही मूलद्रव्ये शोधली. १९०३ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले आणि १९०६ मध्ये पिएर रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून गेले. दोन लहान मुली पदरात असताना मेरी यांनी त्यांच्या जागी विद्यापीठात शिकवायला सुरुवात केली. १९११ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेलही त्यांना मिळाले.

१९१४ मध्ये पॅरिसमधील रेडियम संस्थेची नवी इमारत नुकतीच उभी राहिली होती. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि प्रयोगशाळेतील पुरुष सहकारी आघाडीवर गेले. जर्मन सैन्य पॅरिसच्या दिशेने येऊ लागले, तेव्हा सरकार बोर्दो शहरी हलले. मेरी क्युरीही आगगाडीने बोर्दोला गेल्या. सोबत शिशाच्या जड पेटीत संस्थेजवळचे सारे रेडियम होते. ते बँकेच्या तिजोरीत ठेवून त्या लगेच पॅरिसला परतल्या.

क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. त्यांचा वैद्यकीय उपयोगही सर्वमान्य होता. अडचण होती ती यंत्रांच्या जागेची. क्ष-किरण यंत्रे मोठ्या शहरांतील रुग्णालयांत होती, जखमी मात्र खेड्यांतल्या शाळांत, चर्चमध्ये आणि तंबूंत पडलेले होते. तोफगोळ्यांचे तुकडे मातीने माखलेले कपडे ओढत शरीरात खोल शिरत. तुकडा नेमका कुठे आहे हे कळले नाही, तर शल्यचिकित्सकाला अंदाजाने चिरत जावे लागे. प्रतिजैविके नव्हती. जखम चिघळून वायुकोथ झाला की अवयव कापण्यावाचून गत्यंतर नसे. जखमीला शहरापर्यंत हलवावे, तर वाटेतच त्याची अवस्था बिघडे.

यंत्र जखमीकडे न्यायचे ठरवले, तर पहिला प्रश्न विजेचा होता. क्ष-किरण नळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो. तो वेटोळ्यांच्या साहाय्याने निर्माण करता येतो, पण त्या वेटोळ्यांना मुळात कुठून तरी वीज मिळावी लागते. आघाडीजवळच्या बऱ्याच गावांत ती नव्हती. मेरी क्युरी यांनी गाडीतच डायनॅमो बसवला आणि तो गाडीच्याच इंजिनाला जोडला. रस्त्यावर असताना इंजिन चाके फिरवी, गाडी उभी राहिली की तेच इंजिन डायनॅमो फिरवी. डायनॅमोची वीज ११० व्होल्ट आणि १५ अँपिअर होती, म्हणजे सुमारे १,६५० वॉट. आज घरातला एखादा गिझर साधारण इतकी वीज खातो.

नुसती बॅटरी का चालली नसती, हे साध्या हिशेबाने कळते. शिशाची पुन्हा भारता येणारी बॅटरी गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्येच तयार केली होती. पण आजची १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली, तरी तिच्यात कागदोपत्री १,२०० वॉट-तास ऊर्जा असते. पूर्ण भार टाकला तर ती पाऊण तासाच्या आत रिकामी होईल. प्रत्यक्षात त्याहून लवकर, कारण जोराने उपसा केला की शिशाची बॅटरी आपली पूर्ण ऊर्जा देत नाही. शिवाय ती पुन्हा भरायला वीज हवी, आणि वीज नाही हीच तर अडचण होती. म्हणून वीज साठवून नेण्यापेक्षा जागेवर तयार करणे शहाणपणाचे ठरले.

त्या काळच्या बहुतेक गाड्या हँडल मारून सुरू कराव्या लागत, त्यामुळे बॅटरी उतरली म्हणून गाडी अडकली असे होत नसे. आज तसे नाही. रुग्णवाहिका असो, फिरते क्ष-किरण पथक असो किंवा डोंगरदऱ्यांत जाणारी जीप असो, इंजिन बंद ठेवून उपकरणे चालवली आणि बॅटरी बसली, तर गाडी जागची हलत नाही. यावर उपाय म्हणून अशा वाहनांत दोन बॅटऱ्या बसवतात. एक फक्त इंजिन सुरू करण्यासाठी. ती काही सेकंद प्रचंड प्रवाह देते. दुसरी उपकरणांसाठी, ती मंद गतीने तासन्‌तास वीज देते. मध्ये रिले असतो. इंजिन चालू असताना तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि दोन्ही भरल्या जातात. इंजिन थांबले की तो त्यांना वेगळे करतो. श्वसनयंत्राने दुसरी बॅटरी पूर्ण रिकामी केली तरी पहिली शाबूत राहते आणि रुग्णाला घेऊन गाडी निघू शकते. एकाच इंजिनाकडून प्रवास आणि उपचार अशी दोन कामे करून घ्यायची, ही मेरी क्युरी यांच्या गाडीतलीच कल्पना इथेही आहे.

गाड्या मिळवणेही सोपे नव्हते. त्यांच्याकडे रेड क्रॉसच्या क्ष-किरण सेवेचे संचालकपद होते, पण हाताशी गाड्या नव्हत्या. पहिल्या गाडीसाठी फ्रान्समधील महिला संघटनेने पैसे दिले. पुढच्या गाड्या मेरी क्युरी यांनी सधन घरांतून मागून आणल्या आणि कारखान्यांत त्यांच्यात फेरफार करून घेतले. सैनिकांनी या गाड्यांना लाडाने नाव दिले, छोट्या क्युरी.

गाडी रुग्णालयाच्या दाराशी थांबली की सामान उतरवले जाई. खोलीच्या खिडक्या काळ्या पडद्यांनी बंद करत. मेज, नळीचा स्टँड, पडदा आणि काचेच्या छायापट्ट्या मांडल्या जात. गाडीतून निघालेली लांब केबल खोलीपर्यंत येई. चालक बाहेर इंजिन एकसारख्या वेगाने चालू ठेवी, कारण डायनॅमोचा वेग बदलला की विजेचा दाब बदलतो आणि दाब बदलला की किरणांची भेदकता बदलते. अर्ध्या तासात पहिला जखमी मेजावर असे.

एका छायाचित्रावरून तुकडा शरीरात कोणत्या जागी आहे ते कळते, किती खोल आहे ते कळत नाही. त्यासाठी नळी ठरावीक अंतराने बाजूला सरकवून दुसऱ्यांदा छाया घेत. नळी किती सरकली आणि छाया किती सरकली, यांच्या प्रमाणावरून तुकड्याची खोली काढता येते. शाळेतल्या समरूप त्रिकोणांचे हे गणित. त्याच्या आधारावर शल्यचिकित्सक कमीत कमी चिरून गोळीपर्यंत पोहोचे. काही वेळा तर पडद्यावर पाहत पाहतच शस्त्रक्रिया होई.

हे सारे करता यावे म्हणून नोबेल मिळालेल्या या प्राध्यापिका पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. त्यांनी शरीररचनाशास्त्र वाचले, यंत्रे जुळवायला आणि गाडीची दुरुस्ती करायला शिकल्या, १९१६ मध्ये वाहन चालवण्याचा परवाना काढला. हँडल मारणे, चाक बदलणे ही कामे त्या स्वतः करत. एप्रिल १९१५ मध्ये त्यांची गाडी खड्ड्यात उलटली आणि त्या सामानाच्या खोक्यांखाली दबल्या. जखमांवर स्वतःच उपचार करून त्या कामाला लागल्या. सोबत थोरली मुलगी इरीन असे. युद्ध सुरू झाले तेव्हा ती सतरा वर्षांचीही पुरी नव्हती. वर्षभरातच ती आघाडीजवळची क्ष-किरण केंद्रे एकटीने सांभाळू लागली.

गाड्या झाल्या, पण त्या चालवणारे हात कमी पडत होते. पुरुष लढाईवर होते. म्हणून मेरी क्युरी यांनी स्त्रियांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केले. वीज, क्ष-किरण, शरीररचना आणि छायाचित्रण यांचे धडे तिथे दिले जात. सुमारे १५० स्त्रिया या वर्गांतून तयार झाल्या. युद्ध संपेपर्यंत वीसच्या आसपास गाड्या आणि सुमारे २०० स्थिर केंद्रे त्यांनी उभी केली. या सगळ्यांतून दहा लाखांवर जखमींची तपासणी झाल्याचे मानले जाते.

या कामाला दुसरी बाजूही होती. किरणांपासून बचावासाठी गाडीत कापडी हातमोजे आणि काही छोटे पडदे, एवढेच असे. नळीला पुरेसे आवरण नसे. पडद्यावर पाहत तपासणी करताना हात आणि चेहरा किरणांच्या जवळ असत, तेही दिवसभर. कोणाच्या शरीराने किती किरणोत्सर्ग घेतला, याची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती. रुग्ण एकदा तपासला जाई, यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीला मात्र रोज तोच मारा सोसावा लागे.

युद्धानंतर मेरी क्युरी यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. ४ जुलै १९३४ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, फ्रान्समधील एका आरोग्यधामात त्यांचे निधन झाले. निदान होते अप्लास्टिक अॅनिमिया. या आजारात अस्थिमज्जा रक्तपेशी तयार करणे थांबवते. इरीन यांनाही पुढे नोबेल मिळाले. १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्या गेल्या.

मेरी यांचा मृत्यू रेडियम हाताळल्यामुळे झाला, असे अनेक वर्षे मानले जात होते. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवताना किरणोत्सर्गाची मोजणी झाली. शरीरात रेडियम फार मोठ्या प्रमाणात साठल्याचे दिसले नाही. त्यावरून फ्रान्समधील तज्ज्ञांनी असे अनुमान काढले की, त्यांच्या आजाराला युद्धकाळातील क्ष-किरण अधिक कारणीभूत असावेत. अनुमान बरोबर असेल, तर सैनिकांना वाचवणाऱ्या त्या गाडीनेच त्यांचे आयुष्य कमी केले असे म्हणावे लागते.

आज आपल्याकडे क्षयरोगाच्या शोधमोहिमेत क्ष-किरण गाड्या आणि हातात धरता येणारी, बॅटरीवर चालणारी यंत्रे गावोगाव जातात. छातीच्या एका क्ष-किरण तपासणीत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी भीतीपोटी टाळू नये. गर्भवती स्त्रीने किंवा तशी शक्यता असणाऱ्या स्त्रीने मात्र आधी सांगावे. रुग्णाला धरण्याची गरज नसेल तर नातेवाइकांनी खोलीबाहेर थांबावे. अंतर दुप्पट झाले की मारा चौथाईवर येतो.

तंत्रज्ञाच्या अंगावरचा शिशाचा जड अॅप्रन आणि छातीवरचा छोटा बिल्ला पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. त्या बिल्ल्यात त्याने सोसलेल्या किरणोत्सर्गाची नोंद होत असते आणि तो ठरावीक काळाने तपासणीसाठी पाठवला जातो. मेरी क्युरी यांच्या गाडीत डायनॅमो होता, नळी होती, पडदा होता. हा बिल्ला तेवढा नव्हता. म्हणूनच उन्हाळ्यात अॅप्रन नकोसा झाला किंवा बिल्ला कपाटात राहिला, तर ती साधी हयगय समजू नये. रुग्णांना वाचवणाऱ्या माणसाचेही आयुष्य मोलाचे असते.