गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर, ज्यानं मुघलांना दमवलं आणि आजचं संभाजीनगर वसवलं

एज ऑफ एम्पायर्स खेळलाय का? आधी अन्न, लाकूड, दगड, सोनं गोळा करायचं. मग वस्ती उभी करायची, फौज बांधायची आणि समोरचा कितीही तगडा असला तरी टिकून राहायचं. हरलात तर गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू.

साधारण ४०० वर्षांपूर्वी एक माणूस हे सगळं खरोखर करत होता. समोर आधी अकबराची आणि नंतर जहांगीरची मुघल फौज, हातात बुडत चाललेली निजामशाही. आणि हरलं तर पुन्हा सुरू करायची सोय नाही.

त्याचं नाव मलिक अंबर. आज आपण ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतो, ते शहर त्यानंच वसवलं.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. त्याचं मूळ नाव चापू असल्याचं सांगतात. लहान वयातच तो गुलामांच्या बाजारात गेला आणि एकदा नाही, अनेकदा विकला गेला. बगदादच्या एका मालकानं मात्र त्याला लिहायला-वाचायला आणि कारभाराचा हिशेब शिकवला. अंबर हे नाव त्याला याच काळात मिळालं.

१५७० च्या दशकात तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान स्वतःही हबशी होता आणि गुलामीतूनच वर आला होता. त्याच्या हाताखाली अंबरनं दरबार आणि फौज दोन्ही जवळून पाहिलं. काही वर्षांत चंगेजखानाचा मृत्यू झाला आणि अंबर गुलामीतून सुटला. मग तो विजापूरच्या आदिलशाहीत चाकरीला गेला, 'मलिक' ही पदवी मिळवली आणि पुढे पुन्हा निजामशाहीत परतला.

तोवर इथलं चित्र पालटलं होतं. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हातात गेला. निजामशाही संपली, असंच सगळ्यांना वाटलं.

अंबरनं मात्र निजामशाही घराण्यातला मुर्तजा शोधला, त्याला परंड्याला गादीवर बसवलं आणि आपली मुलगीही त्याला दिली. नावाला राजा मुर्तजा, पण राज्य चालवायचा अंबर. सत्ता टिकवताना त्यानं मागंपुढं पाहिलं नाही. पुढे मुर्तजाशी बिनसलं तेव्हा १६१० मध्ये त्याचा काटा काढून अंबरनं त्याच्या लहान मुलाला गादीवर बसवलं, असं सांगितलं जातं.

आता प्रश्न होता मुघलांशी लढायचं कसं?

त्यांच्याकडं मोठं घोडदळ होतं, तोफा होत्या, न संपणारा पैसा होता. मोकळ्या मैदानात समोरासमोर भिडणं म्हणजे हार ठरलेली. म्हणून अंबरनं मैदानच टाळलं. हलक्या घोड्यांवरचे मराठा बारगीर त्यानं हाताशी धरले. हे बारगीर शत्रूची रसद तोडायचे, रात्री छावणीवर पडायचे आणि मुघल सावरायच्या आत डोंगरात गायब व्हायचे. यालाच आपण गनिमी कावा म्हणतो. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच यानं त्या काळात केलेल्या नोंदीनुसार अंबरकडं १० हजारांच्या आसपास हबशी आणि ४० हजारांच्या आसपास दख्खनी सैनिक होते.

याच धामधुमीत १६१० मध्ये त्यानं दौलताबादजवळच्या खडकी गावात नवं शहर वसवायला घेतलं. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा ही तिथल्या वस्त्यांची नावं मराठा सरदारांवरून पडल्याचं सांगतात. १६१२ चा भडकल दरवाजा हा मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून उभारलेला.

पण शहर म्हटलं की पाणी लागतं, आणि खडकीत नेमका त्याचाच तुटवडा.

उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीखाली मुरलेलं पाणी होतं. अंबरनं ते भुयारी नहरीतून शहरात आणलं. नहरीला बेताचा उतार दिलेला, त्यामुळं पाणी आपोआप वाहत यायचं. ठरावीक अंतरावर आत उतरून साफसफाई करायला विहिरीसारखी तोंडं ठेवलेली. शहरात आल्यावर खापरी नळांतून ते उंच बंब्यांमध्ये चढायचं आणि तिथून हौदांत पोहोचायचं. ना मोटार, ना पंप. हीच ती नहर-ए-अंबरी. पुढे याच धर्तीवर शहरात आणखी नहरी झाल्या. प्रसिद्ध पाणचक्कीही नहरीच्याच पाण्यावर फिरते.

हे शहर त्याला सुखानं उपभोगता आलं नाही. १६१६ मध्ये काही सरदार फुटून मुघलांना मिळाले, रोषणगावच्या लढाईत अंबर हरला आणि मुघलांनी खडकी उद्ध्वस्त केली. १६२१ मध्ये शाहजादा खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शाहजहानच्या फौजेनं ती पुन्हा बेचिराख केली. मुलूख आणि खंडणी देऊन अंबरला तह करावा लागला. पण दोन्ही वेळा तो पुन्हा उभा राहिला.

१६२४ मध्ये मुघल आणि आदिलशाही एकत्र येऊन त्याच्यावर चालून आले. तेव्हा त्याचं वय पंचाहत्तरच्या आसपास होतं. अहमदनगरजवळ भातवडीला त्यानं तलावाचा बांध फोडला. सगळीकडं चिखल झाला, शत्रूची अवजड फौज अडकली, त्यात रसद तुटलेली आणि रात्रीचे छापे सुरूच. दोन्ही फौजांचा धुव्वा उडाला. या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूनं लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले.

जहांगीरचा राग इतका, की त्यानं अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतानाचं आपलं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. १६२६ मध्ये अंबर वारला. त्यानंतर मुघल इतिहासकारानंही युद्धात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता, हे कबूल केलं.

तो गेल्यावर सात वर्षांत, १६३३ मध्ये, दौलताबाद पडलं. मुलगा फतेहखान याच्या नावावरून खडकीचं फतेहनगर झालं होतं. १६५३ मध्ये औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं.

आज या शहराचं पाणी जायकवाडीहून पंपानं उपसून आणावं लागतं आणि नळाला पाणी कधी येणार, हा शहरातला नेहमीचा प्रश्न आहे. ४०० वर्षांपूर्वी जे कोडं अंबरनं उतारावर सोडवलं, ते अजून पुरतं सुटलेलं नाही. नहरींचे अवशेष शहरात अजूनही आहेत. आणि ते बांधून घेणारा माणूस जवळच खुलताबादला, स्वतःच उभारलेल्या कबरीत विसावला आहे.