डीएनए शोधणारा माणूस सॅमन माशाच्या वीर्यात काय शोधत होता?

डीएनए म्हटलं की वॉटसन आणि क्रिक आठवतात. पण त्यांनी १९५३ मध्ये त्याची रचना सांगितली. मूळ पदार्थ १८६९ मध्येच सापडला होता आणि तो शोधला होता फ्रिडरिश मीशरने.

मीशरचा जन्म १८४४ चा, स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातला. आजारपणामुळे त्याला ऐकू कमी यायला लागलं. रुग्णांशी बोलणं अवघड, म्हणून डॉक्टर होऊनही तो लॅबकडे वळला. जर्मनीत ट्युबिंगनच्या किल्ल्यातल्या जुन्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटलेली होती. तिथं बसून तो दवाखान्यातून आणलेल्या, पू लागलेल्या पट्ट्या धुवायचा! पुवातल्या पेशींच्या केंद्रकातून त्याला एक नवा पदार्थ मिळाला. त्याला नाव दिलं न्यूक्लिन. म्हणजेच आपला डीएनए.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. खरी मजा पुढं आहे.

बाझलला परतल्यावर त्याने ऱ्हाईन नदीतले सॅमन मासे धरले. शुक्राणूचं डोकं म्हणजे जवळपास नुसतं केंद्रकच, त्यामुळे न्यूक्लिन मिळवायला याहून सोपी जागा नाही. माल खराब होऊ नये म्हणून तो ऐन थंडीत, गारठलेल्या खोलीत काम करायचा. १८७४ मध्ये त्याने जाहीर केलं, की शुक्राणूत न्यूक्लिनला आणखी एक पदार्थ चिकटलेला आहे. तो म्हणजे प्रोटामाइन.

हे प्रोटीन आहे, हे नंतर कळलं. इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला असतो. शुक्राणू तयार होताना बहुतेक हिस्टोन बाहेर पडतात आणि प्रोटामाइन आत येतं. त्यावर धन भार, डीएनएवर ऋण. दोघं घट्ट चिकटतात आणि डीएनए अगदी छोट्या जागेत बसतो. माणसात याचे दोन प्रकार आहेत. त्यांचं प्रमाण बिघडणं आणि पुरुषांतलं वंध्यत्व यांचा संबंध दिसून आलाय.

गर्भधारणेमागे न्यूक्लिन असेल का, हा विचार मीशरच्या डोक्यात आला होता. पण एकट्या पदार्थाला हे जमेल असं त्याला वाटलं नाही आणि त्याने तो नाद सोडला. चुटपुट लागते ती इथंच. उत्तर त्याच्या परीक्षानळीत होतं.

१८९५ मध्ये, ५१ व्या वर्षी, क्षयरोगाने दावोसला तो गेला.

प्रोटामाइन मात्र आज ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. बायपासच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात आणि शस्त्रक्रिया संपत आली की त्याचा असर उतरवायला प्रोटामाइनचं इंजेक्शन. तेही माशांच्या वीर्यातूनच काढलेलं.