देवळालीचे संख्यामित्र : द. रा. कापरेकर

सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीची ओळख आम्ही एका संख्येपासून करून देत आहोत, याचे वाचकांस कदाचित नवल वाटेल. ती संख्या अशी : १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती तीच राहते. १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा हा वर्ग. तिच्या सतरा अंकांची बेरीज ८१ होते, आणि त्याच ८१ ने तिला निःशेष भाग जातो. हा दुसरा गुण असणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणाऱ्या, असे गोड नाव ठेवले ते देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. एकांच्या वर्गातून उभी राहणारी ही संख्या ज्या ‘डेम्लो’ संख्यांत मोडते, ते नावही त्यांचेच. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील ज्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना त्यांना सुचली, त्याची आठवण त्यांनी अशी जपली.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यास, तर महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांनी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळविले आणि १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. त्यापुढील पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस अध्यापन केले.

पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या शिक्षकाचा हा व्यासंग अनेक विद्वानांस क्षुल्लक वाटला. मोठी नियतकालिके दूरच राहिली. कापरेकरांनी पुष्कळसे लेखन पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच छापले. उपेक्षेने त्यांचा छंद मात्र सुटला नाही.

१९४६ साली त्यांना ६१७४ या संख्येचे रहस्य गवसले. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. ३५२४ पासून निघालो तर प्रथम ३०८७, मग ८३५२ आणि नंतर ६१७४ येते. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक वाट ६१७४ पाशी पोहोचते व तेथेच स्थिरावते. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ साली देवळालीस त्यांचे निधन झाले.

आज ६१७४ ही संख्या ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगात ओळखली जाते. विद्येच्या मोठ्या केंद्रांपासून दूर राहूनही निष्ठेने केलेले काम वाया जात नाही, हे घरापासून दूर राहणाऱ्या आपणां सर्वांस या चरित्रातून उमगावे. ज्या घरी ही स्मरणिका जाईल, तेथे मुलाबाळांनी कागद-पेन्सिल घेऊन एखादी संख्या ६१७४ पर्यंत नेऊन पाहावी, एवढीच आमची विनंती.