टॉम ड्रेपर

आयर्लंड हा हिरव्यागार कुरणांचा देश आहे. तेथील शेतकऱ्यांना घोड्यांचे वेड फार जुने. चर, बांध आणि कुंपणे ओलांडीत घोडे दौडविण्याच्या छंदातूनच अडथळ्यांच्या शर्यती रूढ झाल्या. अशा शर्यतींसाठी घोडे तयार करण्याच्या कामी ज्यांनी अपूर्व यश मिळविले, त्या टॉम ड्रेपर यांचा जन्म १८९८ साली एका शेतकरी कुटुंबात झाला.

डब्लिन शहराच्या उत्तरेस ग्रीनोग येथे त्यांची शेती होती. तरुणपणी ते स्वतः हौशी स्वार म्हणून शर्यतींत भाग घेत. पुढे त्यांनी शेतीच्या जोडीला पागा उभारली. कोवळ्या वयाच्या घोड्याला ते घाईने शर्यतीत उतरवीत नसत. रोजची रपेटही बेताचीच असे. घोड्याची हाडे पक्की होण्यास वेळ लागतो आणि तो वेळ त्याला दिलाच पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

या धीराची कसोटी लवकरच लागली. त्यांच्या 'प्रिन्स रीजन्ट' या घोड्याने १९४२ साली आयरिश ग्रँड नॅशनल ही शर्यत जिंकली. परंतु तेव्हा दुसरे महायुद्ध पेटलेले होते. इंग्लंडातील मोठ्या शर्यतींचे दरवाजे बंद होते. घोड्याच्या उमेदीची वर्षे अशी मायदेशीच गेली. युद्ध संपल्यावर १९४६ साली ड्रेपर यांनी त्याला इंग्लंडातील चेल्टनहॅम येथे नेले. त्या वेळी तो अकरा वर्षांचा झाला होता. तरीही त्याने मानाचा गोल्ड कप पटकाविला.

पुढे १९६१ साली 'आर्कल' नावाचा घोडा ग्रीनोगला आला. आरंभी त्याच्यात विशेष असे काही दिसले नाही. ड्रेपर यांनी त्याला सावकाश घडविले. १९६४, १९६५ आणि १९६६ अशी सलग तीन वर्षे आर्कलने गोल्ड कप जिंकला. काही शर्यतींत बलवान घोड्याच्या पाठीवर अधिक भार देऊन सर्वांना समान संधी देतात. अशा शर्यतींतही सुमारे ७९ किलो भार घेऊन तो जिंकला. आयर्लंडमध्ये तर भाराच्या दोन याद्या होऊ लागल्या : एक आर्कल धावणार असेल तेव्हाची आणि दुसरी तो धावणार नसेल तेव्हाची! त्याच काळात, १९६० ते १९६६ या सात वर्षांत, आयरिश ग्रँड नॅशनल दरवर्षी ड्रेपर यांच्याच पागेतील घोड्यांनी जिंकली.

२७ डिसेंबर १९६६ रोजी लंडनजवळील केम्प्टन पार्क येथे आर्कल धावत होता. शर्यत चालू असतानाच त्याच्या खुरातील हाड मोडले. तशाही स्थितीत तो धावत राहिला आणि अवघ्या एका घोड्याच्या लांबीने हरला. दुखापत किती मोठी होती, हे नंतरच कळले. पायाला प्लास्टर घालण्यात आले. कालांतराने हाड जुळले व हलकी रपेटही सुरू झाली. आर्कल पुन्हा केव्हा धावणार, याकडे साऱ्या देशाचे डोळे लागले होते. परंतु त्या मुक्या प्राण्याचा जीव धोक्यात घालण्यात आला नाही. १९६८ साली त्याला निवृत्त करण्यात आले. ज्याने पागेला सर्वाधिक कीर्ती मिळवून दिली, त्याला विश्रांतीही तितक्याच मानाने मिळाली.

त्याच वर्षी 'फोर्ट लेनी' या घोड्याने ड्रेपर यांना पाचवा गोल्ड कप मिळवून दिला. इंग्लंडातील ग्रँड नॅशनल मात्र त्यांच्या हाती कधीच लागली नाही. १९७१ च्या अखेरीस त्यांनी पागेचा कारभार आपला पुत्र जिम याच्याकडे सोपविला. १९७५ च्या मार्चमध्ये जिमच्या घोड्याने गोल्ड कप जिंकला. पित्याची विद्या पुत्राच्या हाती सुखरूप पोहोचली होती. त्याच वर्षी टॉम ड्रेपर यांनी जगाचा निरोप घेतला.