निरिच्छ संशोधक राँटगेन

शास्त्रज्ञ आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना दूरचे वाटतात. मला मात्र विल्हेल्म राँटगेन यांच्याविषयी आपुलकी वाटते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्सबुर्ग येथे, काळ्या कागदाने झाकलेल्या नळीत विद्युत्प्रवाह सोडताच जवळचा बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा पडदा लकाकला. डोळ्यांना न दिसणाऱ्या क्ष-किरणांनी तो उजळला होता. पुढे हेच काम गॅडोलिनियम, टर्बियम या विरल मृत्तिका धातूंची संयुगे करू लागली.

१९०१ चे पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक राँटगेन यांना मिळाले. ती रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली. शोधाचे पेटंट घेतले नाही. महायुद्धानंतरच्या चलनवाढीत पुंजी आटली आणि १९२३ साली ते निवर्तले. पेटंट घेतले असते तर म्हातारपण सुखात गेले असते. पण मोडलेले हाड दाखवणारे हे किरण जगभरच्या दवाखान्यांत इतक्या लवकर पोचले नसते, असे मला वाटते.